डॉ. कमला सोहोनी : डाळीच्या आकड्यामागचा हिशेब

यंदा वेळा अमावस्येला आपल्या मंडळातली सात-आठ कुटुंबे भालकीजवळच्या एका शेतात जमली होती. कडब्याची खोप, पूजा, आंबील शिंपडणे सगळे रीतीप्रमाणे झाले आणि मंडळी जेवायला बसली. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. भज्जीत ओला हरभरा, ओली तूर, वाटाणा, वालाचे दाणे, वर बेसन आणि चिंच. बंगळूरहून सुट्टीवर आलेला एका सभासदांचा मुलगा शेजारी बसला होता. रोज व्यायामशाळेत जाणारा. त्याने मोबाईल काढला आणि भज्जीतून आपल्याला प्रथिने किती मिळणार ते शोधू लागला. तूरडाळीपाशीच अडला. एका ठिकाणी १०० ग्रॅम डाळीत २२.३ ग्रॅम प्रथिने दाखवत होते, दुसऱ्या ठिकाणी २१.७. काका, यातले खरे कोणते, असे त्याने मला विचारले. मी बँकेत होतो म्हणून आकड्यांचे प्रश्न माझ्याकडे येतात, मग ते व्याजाचे असोत की डाळीचे.

त्याला मी तिथे अर्धवटच उत्तर दिले. पुरे उत्तर इथे देतो, आणि त्याच्या निमित्ताने एका मराठी विदुषीची ओळखही करून देतो. नाव अनेकांनी ऐकलेले असेल, काम थोड्यांना माहीत असेल.

आधी ते दोन आकडे. दोन्ही आकडे एकाच घरचे आहेत. हैदराबादला तारनाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. बिदरहून हैदराबादला आपले इतके येणे-जाणे असते, उस्मानिया विद्यापीठाच्या बाजूने जाताना कित्येकांनी तिची पाटी पाहिली असेल. या संस्थेने १९७१ साली भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे एक पुस्तक काढले. डॉ. गोपालन, रामशास्त्री आणि बालसुब्रमणियन हे त्याचे कर्ते. पुढे १९८९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती झाली, त्या कामात आपले डॉ. देवस्थळे होते. डॉक्टर, आहारतज्ज्ञ, शाळेतल्या जेवणाची योजना आखणारे अधिकारी, सगळ्यांचा आधार हेच पुस्तक. तूरडाळीचा २२.३ हा आकडा त्यातला. मग संस्थेने देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून सगळी मोजणी नव्याने केली आणि २०१७ साली नवे कोष्टक छापले. त्यात ५२८ पदार्थ आणि १५१ घटक आहेत. २१.७ हा आकडा तिथला. ज्वारी जुन्या पुस्तकात १०.४ होती, नव्यात ९.९७ आहे. हा फरक किरकोळ. पण आवळ्यातले क जीवनसत्त्व ६०० मिलिग्रॅमवरून थेट २५२ वर आले. आमच्या बँकेत तारण मालमत्तेचे फेरमूल्यांकन झाले की कधी कधी असेच व्हायचे, आणि ग्राहक रागवायचा. नमुना कुठला, पिकलेला किती, तोडून किती दिवस झाले, मोजायची पद्धत कोणती, यावर बरेच अवलंबून असते. म्हणून दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे. मात्र ते कच्च्या, कोरड्या डाळीचे आहेत, वाटीतल्या वरणाचे नाहीत, हे त्या मुलाच्या लक्षात आले नव्हते.

ही संस्था मूळची हैदराबादची नाही. १९१८ मध्ये निलगिरीत कुन्नूर येथे मॅकॅरिसन या इंग्रज डॉक्टरांनी एका खोलीत बेरीबेरी रोगाचा शोध घ्यायला सुरुवात केली. त्यातून तिथे पोषण संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. त्यांच्यानंतर आलेल्या डॉ. ॲक्रॉइड यांनी १९३७ साली भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांची पहिली पुस्तिका काढली. आजच्या सगळ्या कोष्टकांचे मूळ ती. ही प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला आली आणि १९६९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. त्याच कुन्नूरच्या प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात एक मराठी बाई सहायक संचालक म्हणून काम करत होत्या. त्या डॉ. कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी.

कमलाबाईंचा जन्म १८ जून १९११ रोजी इंदूरला झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले. थोरल्या बहिणीचे नाव सांगितले की घर लगेच ओळखीचे वाटेल. त्या दुर्गाबाई भागवत. एक बहीण लोककथा आणि व्यासांच्या वाटेने गेली, दुसरी परीक्षानळीच्या. स्वयंपाकघर मात्र दोघींनाही सुटले नाही. दुर्गाबाईंचे खमंग हे पाककृतींचे पुस्तक आपल्यापैकी पुष्कळ घरांत असेल.

१९३३ साली मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी कमलाबाईंनी पहिल्या क्रमांकाने मिळवली. पुढे वडील आणि काका शिकले तिथेच बंगळूरला जायचे, हे घरात जणू ठरलेलेच होते. अर्ज केला, तो नाकारला गेला. संस्थेचे संचालक त्या वेळी सर सी. व्ही. रामन होते. तीनच वर्षांपूर्वी नोबेल मिळालेले, साऱ्या देशाचा अभिमान. अर्ज नाकारण्याचे कारण एवढेच की अर्जदार मुलगी आहे. गुण कमी, जागा नाही, असे काही नव्हते.

इथे बहुतेक मुली घरी परतल्या असत्या, आणि त्यांना दोष देता आला नसता. कमलाबाई बंगळूरला गेल्या आणि समोरासमोर कारण विचारले. सत्याग्रहाचे दिवस होते, त्यांनीही प्रवेश मिळेपर्यंत हटायचे नाही असे ठरवले. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरले जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करावे लागेल. आणि त्यांच्या असण्याने प्रयोगशाळेतले वातावरण बिघडता कामा नये. या तिसऱ्या अटीतला अपमान वेगळा समजावून सांगायला नको. रामन यांच्या मोठेपणाबद्दल मला शंका नाही. पण मोठ्या माणसाची चूक झाकून त्याचे चरित्र सांगण्याची आपल्याकडे जी पद्धत आहे ती मला पटत नाही. कमलाबाईंनाही पटत नव्हती. पुढे कितीतरी वर्षांनी, सगळे मानसन्मान मिळाल्यावरही, त्यांनी हा प्रसंग जाहीरपणे सांगितला आणि तो अपमान आपण विसरलो नाही हेही सांगितले.

वर्षभर त्यांनी अटी पाळल्या. त्यांचे मार्गदर्शक श्रीनिवासय्या होते, कडक पण शिकवणारे. त्यांनी विषय दिला तो दूध आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांचा. म्हणजे आपल्या ताटातलाच. वर्षाअखेर रामन यांचे मत बदलले, कमलाबाई रीतसर विद्यार्थिनी झाल्या आणि त्यांच्यानंतर मुलींसाठी संस्थेचे दार उघडले. १९३६ मध्ये त्यांनी एम.एस्सी. पूर्ण केली.

मग केंब्रिज. तिथे न्यूनहॅम कॉलेजमध्ये राहून त्या संशोधनाला लागल्या. प्रयोगशाळेत जागा नव्हती, तेव्हा डॉ. रिक्टर यांनी आपले टेबल त्यांना वापरायला दिले. बंगळूरचा अनुभव ताजा असताना हे किती मोठे वाटले असेल! पुढे रॉबिन हिल यांच्याकडे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हा पदार्थ असतो आणि पेशींच्या श्वसनात त्याचा वाटा असतो, हे त्यांना आढळले. हे सगळे १४ महिन्यांत. प्रबंध अवघा ४० पानांचा. पानांच्या संख्येवर पदवी तोलणाऱ्यांनी लक्षात ठेवावे असा. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली.

विज्ञानातली डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असे त्यांच्याविषयी सर्वत्र लिहिले जाते. हिशेबनीस माणूस म्हणून एक खुलासा करतो. वनस्पतीशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९३१ मध्येच मिळाली होती. कमलाबाईंचे काम असे आहे की त्याला पहिलेपणाच्या बिल्ल्याची गरज नाही.

भारतात परत आल्यावर त्या दिल्लीच्या लेडी हार्डिंज कॉलेजात नव्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या, आणि तिथून कुन्नूरला गेल्या. कुन्नूरला त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. पण पुढे बढतीची वाट मोकळी दिसेना. राजीनाम्याचा विचार सुरू होता, त्याच सुमारास माधवराव सोहोनी यांचे स्थळ आले. ते व्यवसायाने ॲक्च्युअरी, म्हणजे विम्याचे गणित करणारे. वयाप्रमाणे माणसे किती जगतात याची कोष्टके हे त्यांचे रोजचे काम, आणि बाईंचे काम माणसे कशावर जगतात याचे. १९४७ मध्ये लग्न झाले आणि त्या मुंबईला आल्या. तिथल्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राचा विभाग नव्याने उघडला होता, तो त्यांच्याकडे आला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. कोष्टकात डाळीपुढे प्रथिने २२ ग्रॅम असे लिहितात, ते मोजतात कसे? मी बी.कॉम. झालेला माणूस. आमच्या गल्लीत रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात, त्यांनी मला समजावले ते सांगतो. प्रथिने सरळ मोजत नाहीत. पदार्थातला नायट्रोजन मोजतात आणि बहुतेक पदार्थांसाठी त्याला ६.२५ ने गुणतात, कारण प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. पद्धत जुनी आहे आणि चांगली आहे. पण त्यातून डाळीत प्रथिने किती आहेत एवढेच कळते. पोटात गेल्यावर त्यातली किती पचतील हे कळत नाही.

आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचे एक पाचक द्रव्य असते, ते प्रथिनांचे तुकडे करते. कडधान्यांच्या दाण्यात या ट्रिप्सिनलाच अडवून धरणारे पदार्थ असतात. झाडाने आपल्या बियांच्या रक्षणासाठी केलेली ती तजवीज आहे असे समजतात. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आपल्याकडच्या अन्नधान्यांत हे रोधक शोधायचे काम हाती घेतले. १९५५ मध्ये वाल आणि डबल बी यांच्यातले रोधक शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळे काढल्याचा त्यांचा आणि अंबे यांचा निबंध नेचर या जगप्रसिद्ध नियतकालिकात आला. वालाचा निबंध नेचरमध्ये! आपल्या भज्जीतला वाल.

यातली गंमत प्राध्यापकांनी दाखवली तेव्हा मी चकित झालो. हे रोधक स्वतःसुद्धा प्रथिनेच असतात. म्हणजे नायट्रोजन मोजताना तेही बेरजेत धरले जातात. जो पदार्थ पचन अडवतो तोच कोष्टकात पोषणाच्या खाती जमा! बँकेतल्या लोकांना हे लगेच कळेल. कर्ज खात्यावर येणे म्हणून दिसते, पण वसूल किती होईल ते खात्यावरून कळत नाही. त्यासाठी शेतावर जाऊन पाहावे लागते. कमलाबाईंनी दाण्याच्या बाबतीत तेच केले. कोष्टक चुकीचे आहे असे त्यांचे म्हणणे नव्हते. कोष्टक करणाऱ्या घरातूनच त्या आल्या होत्या. आकडा जिथे थांबतो तिथून त्यांनी पुढे पाहिले.

उपाय मात्र साधा आहे. भिजवणे, मोड आणणे आणि मुख्य म्हणजे नीट शिजवणे. चांगली उष्णता लागली की या रोधकांचा जोर बहुतेक मोडतो.

इथे घरची एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी माझी आई पडली आणि मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर तिला आहाराचा एक तक्ता मिळाला, ग्रॅम लिहिलेला. मी वही घातली. सकाळी अमुक, दुपारी तमुक, शेवटी बेरीज. तक्त्यात मोड आलेले कच्चे कडधान्य रोज वाटीभर होते. माझ्या वहीत बेरीज रोज बरोबर येत होती. आईचे वजन मात्र उतरत होते, पोट फुगत होते आणि ती जेवणच टाळू लागली होती. मी वही दाखवून तिला दटावत असे, हे लिहितानाही वाईट वाटते. शेवटी सौभाग्यवतींनी वही बाजूला ठेवली. तेच मूग, तीच मटकी कुकरमध्ये मऊ शिजवून, सोबत पातळ वरण आणि ताकातली आंबील असे सुरू केले. महिन्याभरात आई काठी घेऊन अंगणात आली. यात रोधकांचा भाग किती आणि ऐंशीच्या पोटाचा किती हे मला सांगता येणार नाही, आणि एका घराच्या अनुभवाला शास्त्र म्हणू नये. पण मी जमा धरलेली रक्कम वसूल होत नव्हती एवढे नक्की. कमलाबाईंच्या कामाविषयी मी वाचले ते त्यानंतर. आधी वाचले असते तर बरे झाले असते.

मुंबईत त्यांनी गरिबांच्या खाण्यातले तीन विषय धरले होते. एक कडधान्ये. दुसरा धान-आटा, म्हणजे तांदळापासूनचे पीठ. तिसरा नीरा, आणि याच कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. नीरेवर काम करण्याची सूचना राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांची होती. आपल्या भागात शिंदीची झाडे ओढ्याकाठाने कमी नाहीत. पण शिंदी म्हटले की आपल्याला दारूच आठवते, आणि चांगल्या घरात तिचे नावही काढत नाहीत. सूर्योदयाआधी उतरवलेला, न आंबलेला ताजा रस ती नीरा. ऊन चढले की ती आंबायला लागते, म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. कमलाबाईंनी नीरेत आणि तिच्यापासून केलेल्या गुळात जीवनसत्त्वे आणि लोह किती आहे हे मोजले. मग कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर स्त्रियांना ती देऊन पाहिली, आणि त्यांच्या प्रकृतीत सुधारणा आढळली. इथेही तीच पद्धत दिसते. आधी प्रयोगशाळेत मोजायचे, मग माणसाच्या अंगी लागते का ते बघायचे. मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही त्यांचा सल्ला मिळत असे.

संस्थेच्या संचालकपदावर मात्र त्यांना हक्काच्या वेळी बसता आले नाही. अंतर्गत राजकारणामुळे चार वर्षे गेली असे सांगतात. नोकरी केलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. अखेर त्या संचालक झाल्या आणि एवढ्या मोठ्या विज्ञान संस्थेच्या प्रमुखपदी एक स्त्री बसली. ज्यांनी केंब्रिजला आपले टेबल दिले होते त्या रिक्टर यांनाही याचे अप्रूप वाटले होते.

निवृत्तीनंतर माणसे तीर्थयात्रा करतात किंवा माझ्यासारखी संकेतस्थळावर लेख लिहितात. कमलाबाई किराणा दुकानाच्या मागे लागल्या. १९६६ मध्ये मुंबईत नऊ स्त्रियांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहक संस्था काढली होती, त्यातल्या त्या एक. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्ष होत्या. संस्थेच्या कीमत या मासिकात त्या अन्नभेसळीवर लिहीत. आपल्या जिल्ह्यांना हा विषय परका नाही. कलबुर्गी म्हणजे तुरीचे कोठार, इथल्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. त्याच तूरडाळीत लाखेची डाळ मिसळण्याचा धंदा जुना आहे. लाखेची डाळ पुष्कळ दिवस मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पायांतले बळ जाते. कोष्टकात तिची प्रथिने तुरीपेक्षा कमी नाहीत, उलट जास्तच भरतील. पण नुसत्या आकड्यावर ती घरात आणणार कोण?

१९९८ साली दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने कमलाबाईंचा गौरव समारंभ ठेवला. हैदराबादची पोषण संस्था याच परिषदेची, आणि पोषणमूल्यांची ती पुस्तकेही तिच्याच नावाने निघतात. कुन्नूर सोडून कमलाबाईंना पन्नास वर्षे झाली होती. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.

त्या मुलाला मी आता निरोप पाठवला आहे की २१.७ धर, पण आजीला विचारून शिजव. आणि सभासदांना एक विनंती. कमलाबाईंनी मराठीत आहार-गाथा हे पुस्तक लिहिले आहे. बिदर, भालकी, बसवकल्याण, आळंद, कुठल्याही गावात कोणाच्या कपाटात त्याची प्रत असेल तर कळवावे. मंडळाच्या वाचनालयाला देता आली तर उत्तम, नाही तर पंधरा दिवसांसाठी मला वाचायला द्यावी. वेळेवर परत करण्याची जबाबदारी माझी.